वेचणाऱ्या हाताची बाजू

“कापूस वेचायला काय लागतं? दोन हात. डोकं लागत नाही.”

दिवाळीनंतर वऱ्हाडातल्या मलकापुरात शेतकऱ्यांची एक बैठक झाली, तिथे हे वाक्य मी ऐकलं. बोलणारे गृहस्थ शिकलेले, स्वतःचं वावर असलेले, एरवी तोलूनमापून बोलणारे. विषय वेचणीच्या दराचा होता. मजूर बायांनी किलोमागे वाढ मागितली होती आणि यांचं म्हणणं असं, की अकुशल कामाला असा भाव मागणं हाच अन्याय आहे. ट्रॅक्टरवाल्याला शिकावं लागतं, जिनिंगमधल्या फिटरला यंत्र कळावं लागतं. वेचणी कोणीही करतं. बोंड दिसलं, हात घातला, कापूस ओढला, झोळीत टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची टोचणी अजून गेलेली नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा झालेल्या माणसाला समोरचा पेला पुन्हा उचलायला शिकवणं, हे माझं रोजचं काम. ‘हात घातला’ या दोन शब्दांत काय काय मावलेलं असतं, ते या कामानं मला दाखवलं. शिवाय घरचं चार एकर वावर आहे, त्यातही कापूसच असतो. म्हणजे वेचणीचे पैसे देणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा आहे.

म्हणून दराचं आधीच सांगून टाकतो. कापसाचा भाव पडलेला असतो, बोंडअळी पीक खाऊन जाते, आणि हातात आलेल्या पैशातला मोठा वाटा वेचणीत जातो. ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. किलोला किती द्यावे हे मेंदूचा अभ्यास सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. परवडत नसेल तर ‘परवडत नाही’ म्हणावं, त्यात लाज नाही. पण परवडत नाही म्हणून समोरच्या बाईच्या कामातलं डोकंच काढून घ्यायचं, हे मला मान्य नाही.

‘अकुशल’ हा शब्द त्या गृहस्थांनी शोधलेला नाही. किमान वेतनाच्या याद्यांत तो आहे. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ सालच्या केंद्रीय कायद्यात तर त्याची व्याख्याच दिली होती : कोणतंही कौशल्य किंवा विशेष प्रशिक्षण नसताना कोणीही प्रौढ व्यक्ती करू शकेल असं अंगमेहनतीचं काम. व्याख्या त्या कायद्यातल्या कामांपुरती होती, वेचणीसाठी केलेली नव्हती. पण आपल्या मनात शेतावरच्या बाईचं काम याच साच्यात बसलेलं आहे. तो साचा वेचणीला लागू होतो का, एवढंच मला तपासायचं आहे.

आधी बोंडाकडे नीट बघू. उकललेल्या बोंडाच्या चार-पाच पाकळ्या असतात, प्रत्येकीत कापसाचा एक पुंजका. वाळलेल्या टरफलाची टोकं सुईसारखी कडक. बोटं त्या टोकांच्या मधून आत जावी लागतात, सगळे पुंजके मुळाशी एका चिमटीत यावे लागतात आणि एका ओढीत निघावे लागतात. ओढ तिरपी गेली तर अर्धा कापूस टरफलात राहतो. बोटं बाहेरून धरली तर बोंडाखालच्या वाळक्या पानांचा चुरा सोबत येतो आणि जिनिंगच्या दारात त्याच चुऱ्यावरून भाव पाडला जातो. शेजारचं अर्धं उकललेलं बोंड पुढच्या वेच्यासाठी सोडायचं. खालचा कवडी, म्हणजे किडका, कापूस वेगळा ठेवायचा. एक बोंड गुडघ्याशी, दुसरं खांद्याशी, तिसरं फांदीमागे. आणि पऱ्हाटी वाऱ्यावर हलते आहे.

आता हिशेब. एका बोंडात साधारण चार ग्रॅम कापूस निघतो. दिवसाला तीस किलो वेचणाऱ्या बाईनं साडेसात हजार बोंडांत हात घातलेला असतो. आठ तासांच्या दिवसात हे सरासरी चार सेकंदांना एक बोंड झालं, आणि त्यातच चालणं, वाकणं, झोळी रिकामी करणं, पाणी पिणं आलं. साडेसात हजार वेळा हात पुढे गेला, आणि त्यातल्या कुठल्याही दोन वेळा सारख्या नव्हत्या.

‘हात घातला’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यात एक चित्र असतं. मेंदू हुकूम सोडतो, हात गड्यासारखा तो पाळतो, काम संपतं. हे चित्रच चुकीचं आहे. हुकुमासोबत हाताकडून अखंड खबर परत येत असते. स्नायू किती ताणला, सांधा किती वाकला, कातडीला काय लागलं, डोळ्याला काय दिसलं, ही ती खबर. तिच्यावर चालती हालचाल चालतीतच दुरुस्त होते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ मध्ये हे मोजायला सुरुवात केली. लोकांना ठोक्याच्या तालावर पेन्सिलीनं ठरावीक लांबीच्या रेघा ओढायला लावल्या, एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. ताल संथ असताना उघड्या डोळ्यांच्या रेघा कितीतरी अचूक निघाल्या. ताल वाढवत नेला तसा तो फायदा नाहीसा झाला, कारण पाहून सुधारायला वेळच उरला नाही. त्यांनी निष्कर्ष काढला तो असा : हाताच्या झेपेचे दोन भाग असतात. पहिला जोराचा, लक्ष्याच्या दिशेनं. दुसरा जवळ पोचताना सावरण्याचा.

वेळ का पुरत नाही? मज्जातंतूंतून संदेश जायला वेळ लागतो. डोळ्याला दिसलेली चूक हाताच्या हालचालीत उतरायला सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्तच जातो. हाताची एक झेप संपते अर्ध्या-पाऊण सेकंदात. म्हणजे हाताबद्दल मेंदूला मिळणारी प्रत्येक बातमी थोडी शिळी असते. शिळ्या बातमीवर ताजी हालचाल चालवायची, तर अंदाज बांधावा लागतो. मेंदू स्नायूंना पाठवलेल्या हुकुमाची नक्कल स्वतःपाशी ठेवतो, तिच्यावरून हात या क्षणी कुठे असेल ते आधीच ठरवतो, आणि मागून आलेली बातमी त्या अंदाजाशी ताडून पाहतो. या कामात डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचा वाटा फार मोठा आहे. तो बिघडलेला रुग्ण पेल्याकडे हात नेतो तेव्हा हात पुढे जातो, मागे येतो, थरथरत डगमगत राहतो. बळ पुरतं असतं, अंदाज गेलेला असतो.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात १९८६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्या गृहस्थांना समोर बसवून सांगावा असा आहे. माणसाला अंधारात बसवलं. समोर एक दिवा लागला की त्याच्याकडे बोट न्यायचं. नजर त्या दिव्याकडे उडी घेत असतानाच संशोधक दिवा थोडा सरकवत. नजरेच्या उडीत आपल्याला मधलं काही जाणवत नाही, त्यामुळे दिवा हलला हे माणसाला कळत नसे. स्वतःचा हातही त्याला दिसत नव्हता. तरीही बोट वाटेतच वळून नव्या जागी पोचत होतं. विचारलं तर माणूस म्हणे, दिवा हलला नाही. त्याच्या नकळत त्याच्याच मेंदूनं लक्ष्य नव्यानं हेरलं, न दिसणाऱ्या हाताची जागा ताडली आणि वाट बदलली.

आमच्या गृहस्थांची गफलत नेमकी इथे आहे. जाणीवपूर्वक विचार केला नाही, म्हणजे डोकं लागलं नाही, असं ते धरून चालतात. बाई शेजारणीशी लेकीच्या लग्नाचं बोलत वेचते, मग कसलं डोकं? पण ती बोलू शकते, याचं कारण तिच्या मेंदूनं ते काम शब्दांच्या खालच्या थरावर नेऊन पक्कं केलेलं आहे. वाऱ्यानं हललेल्या बोंडाकडे तिचा हात वाटेत वळतो तेव्हा ल्योंच्या प्रयोगशाळेतलीच करामत घडते. फरक इतकाच, की तिथे ती मोजली गेली.

“पण ही तर सवय झाली,” असं यावर उत्तर येतं. सवय म्हणजे तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा, घाण्याच्या बैलासारखी. हे खरं असतं तर मोठ्या सोयीचं होतं, आणि ते खरं ठरावं म्हणून एकदा पूर्ण तयारीनं शोधही झाला. १९२० च्या दशकात मॉस्कोतल्या श्रमसंस्थेत हालचालींचे अभ्यासक निकोलाय बर्नस्टाईन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हाताला छोटे दिवे बांधून चित्रं घेतली. प्रत्येक कामाची एक आदर्श हालचाल शोधायची आणि ती सगळ्यांना शिकवायची, अशी त्या काळची उमेद होती. बर्नस्टाईनना उलटंच दिसलं. हातोड्याचं टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडत होतं, पण खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी वेगळ्या वाटेनं जात होते. एका सांध्यात फरक पडला की दुसरा तो भरून काढत होता. कसबी हात तीच हालचाल पुन्हा करत नाही, तोच प्रश्न पुन्हा नव्यानं सोडवतो. बर्नस्टाईननी हे लोहारकामाच्या जातीच्या कामात पाहिलं, जिथे छिन्नी एका जागी घट्ट असते. पऱ्हाटीच्या तासात, म्हणजे ओळीत, बोंडं एका जागी नसतात, मग प्रश्न किती अवघड होत असेल!

त्यात झोळीचं वजन. सकाळी कमरेला रिकामं फडकं असतं, तासाभरात त्यात काही किलो कापूस झुलत असतो. वाकण्याचा तोल बदलतो, खांद्यावरचा ताण बदलतो, तरी हात चुकत नाही. १९९४ मध्ये शादमेर आणि मुसा-इवाल्दी या दोघा संशोधकांनी असं काही प्रयोगशाळेत करून पाहिलं. हात पुढे नेताना यंत्राची मूठ त्याला बाजूला ढकलत असे. सुरुवातीला हात वाकडे गेले, शेकडो वेळा केल्यावर सरळ झाले. मग ढकलणं अचानक बंद केलं, तर हात उलट्या बाजूला वाकडे गेले. म्हणजे मेंदूनं त्या बाहेरच्या बळाचा नमुना आपल्या आत घडवला होता आणि तो आधीच गृहीत धरून हात सोडत होता. अशी दुरुस्ती चुकांतून शिकली जाते, आणि चूक कळायला हाताची खबर यावी लागते.

ती खबर थांबली तर काय होतं? इंग्लंडमधले इयान वॉटरमन यांना १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर मानेखालचा स्पर्श आणि अंगाची जागा कळण्याची संवेदना कायमची गेली. स्नायूंचं बळ शाबूत होतं. तरी ते उठून बसू शकत नव्हते. हात आहे, पण कुठे आहे ते कळत नव्हतं. अनेक महिने खपून ते डोळ्यांनी बघत बघत प्रत्येक हालचाल करायला शिकले. दिवा गेला की कोसळत.

इतकं लांब जायचीही गरज नाही. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन आणि वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं. अशा ठिकाणी कुष्ठरुग्णांच्या झिजलेल्या हातांची शुश्रूषा करणाऱ्यांना ‘न कळणारा हात’ म्हणजे काय ते पाठ होतं. बोटं आपोआप झडतात, असा पूर्वी समज होता. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की नसा मारल्या गेल्यानं वेदना कळत नाही, म्हणून भाजतं, कापतं, चिघळतं आणि बोटं जातात. त्यांनी लिहिलेला एक प्रसंग मला विसरता येत नाही. गंजलेलं कुलूप मोठ्यांना उघडेना, ते एका कुष्ठरोगी मुलानं किल्ली पिळून उघडलं. जमिनीवर रक्त पडू लागलं तेव्हा लोकांना दिसलं, की किल्लीनं त्याचं बोट हाडापर्यंत कापलं होतं. त्याच्या हातात जोर कमी नव्हता. जोर कुठे थांबवायचा, हे सांगणारं कोणी आत उरलं नव्हतं.

धडधाकट हातात हे सांगणारे हजारोंनी असतात. एका हाताच्या तळव्याकडच्या कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे सतरा हजार तंतू आहेत आणि ते बोटांच्या टोकांशी सगळ्यांत दाट आहेत. स्वीडनमध्ये रोलंड योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की चिमटीतली वस्तू किंचित निसटू लागली तर सुमारे ७० मिलिसेकंदांत, म्हणजे निसटणं जाणवायच्याही आधी, पकड घट्ट होते. आणि घट्ट होते ती गरजेपेक्षा जेमतेम जास्त. कापसाच्या धाग्याला हेच लागतं. कमी दाबानं पुंजका सुटतो, जास्त दाबानं टरफल मोडून कचरा हातात येतो.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक बाई येत असत. आयुष्यभर वेचणीचं काम केलेल्या. लकव्यातून उठल्या, उजव्या हातात ताकद जवळजवळ पूर्ण आली, पण संवेदना आली नाही. डोळे मिटायला सांगून मी त्यांच्या हातात कापसाचा बोळा ठेवला, तो गळून पडला आणि त्यांची मूठ तशीच मिटलेली राहिली. म्हणाल्या, “हात हाये, पन मले गवसत नाही.” पुढच्या हंगामात त्या वावरात गेल्या. डोळ्यांनी बघून बघून वेचू लागल्या. दुपारपर्यंत बोटं रक्ताळली आणि झोळीत दोन किलोही नव्हता. ज्या कामाला डोकं लागत नाही म्हणतात, ते त्यांना जमेना. हात तोच होता, ताकद तीच होती. बिघाड डोक्यात झाला होता.

आता त्यांच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार मुद्दा. तो टाळला तर माझा वाद लंगडा राहील. ते म्हणतील, “तुम्ही सांगता ते मेंदूचं वैभव प्रत्येक माणसाकडे आहे. भाजी चिरणाऱ्याकडे आहे, दार उघडणाऱ्याकडे आहे. जे सगळ्यांकडे आहे त्याला कौशल्य कसं म्हणायचं?” बरोबर आहे. हात पुढे नेण्याची क्षमता सगळ्यांकडे आहे. बोलण्याचीही सगळ्यांकडे आहे, म्हणून कोणी कीर्तनकाराला अकुशल म्हणत नाही. क्षमता जन्मानं मिळते, कौशल्य एका विशिष्ट कामात हजारो चुका भरून घडतं. मलकापूर तालुक्यातली वेचणारी बाई आठ-दहा वर्षांची असताना आईच्या मागे तासात उतरलेली असते. तिला कोणी शिकवलं नाही, असं आपण म्हणतो, कारण तिच्या शिकण्याला वर्ग नव्हता, परीक्षा नव्हती, दाखला नव्हता. प्रत्येक बोंडानं तिला टोचून शिकवलं. बारा-पंधरा हंगामांची ही उमेदवारी जिनिंगमधल्या फिटरच्या उमेदवारीपेक्षा लांब आहे. फिटरला दाखला मिळतो, ट्रॅक्टरवाल्याला परवाना. पुरुषाच्या हाताखाली यंत्र आलं की काम कुशल होतं, आणि बाईच्या हातात नुसता हात असला की अकुशल, हा भेद मेंदूत कुठेही सापडत नाही. तो आपण केलेला आहे.

“यंत्र येईल, मग काय कराल?” असंही त्या दिवशी कोणी म्हणालं. अमेरिकेत कापूस काढणारी यंत्रं १९४० च्या दशकापासून बाजारात आहेत. पण ती एकेक बोंड पाहून वेचत नाहीत. आख्खं झाड फिरत्या चात्यांमधून जातं आणि चात्या त्यावरचा कापूस गुंडाळून ओढून घेतात. त्यासाठी आधी रसायन फवारून पानं गाळावी लागतात, बोंडं एकाच वेळी फुटतील अशी वाणं लागतात, लांबच लांब सपाट शेतं लागतात, आणि निघालेल्या कापसातला जास्तीचा कचरा काढायला जिनिंगमध्ये वेगळी यंत्रं लागतात. हाताची बरोबरी यंत्राला करता आली नाही, म्हणून झाड आणि शेत बदललं. आपल्या कोरडवाहू काळ्या रानात बोंडं टप्प्याटप्प्यानं फुटतात, तीन-तीन, चार-चार वेचे होतात. उकललेलं घ्यायचं आणि मिटलेलं सोडायचं हा निवाडा इथे रोज लागतो. यंत्राला अक्कल कमी पडते असं नाही : १९९७ मध्ये संगणकानं बुद्धिबळाच्या जगज्जेत्या कास्पारोवला हरवलं. एकेक बोंड पाहून हात घालणाऱ्या यंत्रमानवाचे प्रयोग चालू आहेत, पण बाईच्या वेगानं, तिच्याइतका स्वच्छ कापूस वेचणारा यंत्रमानव आमच्या वावरात अजून कोणी उतरवलेला नाही. पटावर घोडा कुठे ठेवायचा, या प्रश्नापेक्षा हलत्या फांदीवरचा चार ग्रॅम कापूस अवघड निघाला. यंत्रमानवांचे अभ्यासक हॅन्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच हे लिहून ठेवलं होतं : मोठ्यांच्या बुद्धीच्या कसोट्या संगणकाला सोप्या, आणि वर्षभराच्या पोराचं बघणं आणि हालणं महाकठीण.

नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ साली पोचली आणि वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईच्या बंदरातून विलायतेला जाऊ लागला. मलकापूरचं स्टेशन, इथले जिन, इथली बाजारपेठ हे सगळं त्या कापसानं उभं राहिलं. या सगळ्याचा पहिला टप्पा तेव्हाही हाच हात होता आणि आजही आहे. दीडशे वर्षांत सरकी काढायची यंत्रं बदलली, दाबायची बदलली, वाहून न्यायची बदलली. हा टप्पा बदलला नाही, कारण त्याच्या तोडीचं काही मिळालं नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या वेच्याला मी स्वतः पऱ्हाटीचा एक तास धरला. हात कसा चालतो हे मी रुग्णांना पंचवीस वर्षं शिकवत आलो आहे. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत मी साडेसहा किलो वेचला. त्यात पानांचा चुरा होता, आणि मागे पऱ्हाटीवर राहिलेला कापूस शेजारच्या तासातल्या मावशींनी पुन्हा वेचला. त्यांचा तोवर एकवीस किलो झाला होता. पाच वाजता उजेड उतरला तेव्हा मला फांदीआडची बोंडं दिसेनाशी झाली, आणि त्या मात्र पानात हात घालून काढतच होत्या. दिसतं कसं, असं विचारलं, तर हात न थांबवता म्हणाल्या, “हाताले समजते, बाबू.”

त्या गृहस्थांना मी निरोप पाठवला आहे. माझ्या वावरात अजून एक वेचा बाकी आहे. त्यांनी यावं, मावशींच्या शेजारचा तास धरावा, संध्याकाळी दोघांच्या झोळ्या एकाच काट्यावर टाकू. कापूस किती निघाला ते बघू आणि त्यात कचरा किती आहे तेही. मग मावशींच्या समोर त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारावा.